पुराना मंदिर

पुराना मंदिर : रामसे बंधूंनी निर्मिलेला हिंदी भयपट (१९८४). दिग्दर्शक तुलसी रामसे व श्याम रामसे. संगीत अजित सिंग यांचे. मोहनीश बहल, आरती गुप्ता, पुनीत इस्सर, प्रदीपकुमार, सदाशिव अमरापूरकर, सतीश शाह, जगदीप इत्यादींच्या त्यात भूमिका असून ‘सामरी’ ह्या सैतानाची भूमिका अजय अगरवाल (मूळ नाव अनिरुद्ध अगरवाल) यांनी केली आहे. चित्रपटास ‘केवळ प्रौढांसाठी’ असे प्रमाणपत्र मिळाले होते. समीक्षकांनी त्याची फारशी दखल घेतली नाही. प्रेक्षकांनी मात्र तो उचलून धरला आणि रामसे कुटुंबाच्या चित्रपटांत त्यास सर्वाधिक प्रसिद्धी लाभली. चित्रीकरणासाठी रायगड जिल्ह्यातील मुरूड येथील नबाबाच्या राजवाड्याचा उपयोग करण्यात आला. पुढे ह्याच निर्मात्यांच्या पुरानी हवेली (१९८९) ह्या चित्रपटातही तो राजवाडा दिसतो.

कलाकृती म्हणून पुराना मंदिर सदोष आहे, हे आरंभीच नमूद केले पाहिजे. त्याची पटकथा विस्कळीत, अभिनय बहुतांशी ठोकळेबाज आणि अभिरुची हिणकस आहे. पाश्चात्त्य चित्रपटव्यवसायात ज्यास ‘एक्स्प्लॉयटेशन’ चित्रपट म्हणतात, त्या प्रकारात तो मोडतो. भय, रक्तपात व शृंगार ह्यांपैकी एखाद्या सवंग आकर्षणावर भिस्त ठेवून, नामवंत नटांवाचून, अल्प खर्चात व अल्प काळात काढलेला चित्रपट असा त्या संज्ञेचा अर्थ आहे. अशा चित्रपटाचे भित्तिपत्रक त्याच्या पटकथेहून अधिक काळजीपूर्वक तयार केलेले असते. असे असताही हा चित्रपट पाहणाऱ्यास त्याचा विसर सहसा पडत नाही. निर्दोष पण निर्जीव अशा कित्येक चित्रपटांच्या वाट्यास हे भाग्य आलेले नाही.

कथानक थोडक्यात असे : दोनशे वर्षांपूर्वी राजा हरिमानसिंग याच्या राज्यात सामरी नावाचा नरराक्षस धुमाकूळ घालीत असतो. राजकन्या त्याच्या तावडीत सापडते. राजा त्यास पकडून शिरच्छेदाची शिक्षा देतो. धड जुन्या मंदिरामागे पुरले जाते आणि शिर पेटीत घालून, शिवाच्या त्रिशूळाच्या पहाऱ्यात, हवेलीत दडविले जाते. मरण्यापूर्वी सामरी शाप देतो, की राजाच्या वंशातील प्रत्येक स्त्री बाळंतपणात मरेल आणि शिर व धड पुन्हा एकत्र आले म्हणजे तो सूड घेईल. वर्तमानकाळात ह्या वंशातील ठाकूर रणवीरसिंग (प्रदीपकुमार) शापाच्या धास्तीने आपली कन्या सुमन हिच्या प्रेमास विरोध करतो. शापाचा उलगडा करण्यासाठी ती आपला प्रियकर संजय व मित्रमंडळी यांसह पूर्वजांच्या हवेलीत येते. तेथे पेटी उघडली जाते आणि पुढचे सर्व ओघाने घडते.

रामसे कुटुंबाचे मूळ आडनाव रामसिंघानी. कुटुंबप्रमुख एफ. यू. रामसे यांचे कराचीत रेडिओचे दुकान होते. इंग्रज गिऱ्हाइकांच्या सोयीसाठी नावाचा संक्षेप झाला व तोच पुढे रूढ झाला. फाळणीनंतर हे कुटुंब मुंबईत आले आणि दुकानदारीच्या जोडीने चित्रपटनिर्मितीत पडले. त्यांच्या आरंभीच्या निर्मितीत भयाचा लवलेश नव्हता. रुस्तुम सोहराब (१९६३) हा पोशाखी चित्रपट त्यांनीच काढला. त्याचे दिग्दर्शक म्हणजे रणांगण ह्या मराठी कादंबरीचे लेखक विश्राम बेडेकर. बेडेकरांनीच दिग्दर्शित केलेल्या एक नन्ही मुन्नी लडकी थी (१९७०) ह्या चित्रपटात पृथ्वीराज कपूर भयंकर मुखवटा चढवून वस्तुसंग्रहालयात चोरी करतात, असा एक प्रसंग होता. चित्रपट पडला, पण तेवढ्या प्रसंगापुरते प्रेक्षक दचकून सावरून बसतात, ही गोष्ट तुलसी व श्याम यांनी चित्रपटगृहात बसून हेरली. सबंध चित्रपटच असा का काढू नये, हा विचार तेथे उद्भवला. मराठी गद्यात आधुनिकतेची नवी वाट पाडणाऱ्या लेखकाच्या हातून हिंदी भुताटकीच्या पटास नकळत असा हातभार लागावा, हा चित्रपटेतिहासातील एक मौजेचा योगायोग होय.

दो गज जमीन के नीचे (१९७२) हा त्यांचा पहिला भयपट महाबळेश्वर येथे, सर्व मंडळींनी एकत्र मुक्काम ठोकून, पुरा करण्यात आला. तेव्हापासून रामसे यांची कार्यपद्धती ठरून गेली. एफ. यू. रामसे यांच्या सात पुत्रांनी लेखन, दिग्दर्शन, छायालेखन, ध्वनी, संकलन अशी कामे वाटून घेतली. कुमार लिहीत, तुलसी व श्याम दिग्दर्शन करीत, गंगू छायालेखन सांभाळीत. ह्या विद्येचे रीतसर शिक्षण त्यांच्यापैकी कोणी घेतले नव्हते. जोसेफ मॅसेली यांचे छायालेखनावरील इंग्रजी पाठ्यपुस्तक समोर ठेवून काश्मीरमधील एका हाउसबोटीत भावंडांनी केलेला सामूहिक अभ्यास, एवढीच त्यांची शाळा. शेतकरी कुटुंबाने घरच्या माणसांवर सुगी आटोपावी, तसे हे चित्रपट तयार होत.

चित्रपटाचे बहुतेक दोष ह्या काटकसरीतून आलेले आहेत आणि ते नीट पाहिल्यास चित्रपट कसा बनतो हे कळते. निर्दोष चित्रपटात कारागिरी झाकलेली असते. येथे ती उघडी पडते. उदाहरणार्थ, रात्रीची दृश्ये. खऱ्या रात्री मोठा परिसर उजळावयाचा, तर पुष्कळ दिवे व विजेचे जनित्र लागते. ते परवडत नसल्यास भर दिवसा, कॅमेऱ्याच्या भिंगात कमी प्रकाश घेऊन व निळी काच लावून चित्रण करण्याची एक जुनी युक्ती आहे. तिच्यामुळे आकाश काळवंडते खरे, पण झाडांच्या सावल्या उन्हातल्यासारख्या रेखीव राहतात. हिंदी भयपटांतील ‘मध्यरात्री’ पात्रांच्या पायाशी पुष्कळदा अशी दुपारची सावली पडलेली दिसते. आवाजाचेही तसेच. त्या काळी चित्रीकरणस्थळी कॅमेऱ्याची घरघर इतकी असे, की संवाद मागाहून ध्वनिमुद्रणगृहात म्हणून जोडावे लागत. सावकाश काम करणाऱ्यांना हे सांधकाम बेमालूम साधे. घाईत काम करणाऱ्यांच्या चित्रपटांत ओठ मिटल्यावरही आवाज येत राहतो आणि उजाड गढीतला माणूस बंदिस्त खोलीतल्यासारखा घुमतो. त्यातच प्रमाणन मंडळाच्या आज्ञेने एखादा रक्तरंजित तुकडा कापला गेला, की दृश्य मध्येच उडी मारते. दचकविण्याच्या हेतूने नसलेली ही उडी प्रेक्षकास कधीकधी योजलेल्या धक्क्याहून अधिक दचकविते.

ह्या सर्वांवर कडी करणारा दोष म्हणजे विनोदाची स्वतंत्र पुरवणी. शोले (१९७५) ह्या चित्रपटात सूरमा भोपालीची भूमिका केलेले जगदीप येथे ‘मच्छरसिंग’ ह्या दरोडेखोराच्या रूपाने अवतरतात आणि गब्बरसिंगाचे विडंबन करतात. मूळ कथेशी ह्या उपकथेचा संबंध नाममात्र आहे. सामरीने एखाद्याचा जीव घेतल्यावर प्रेक्षकास लगोलग मच्छरसिंगाच्या अड्ड्यावर जावे लागते. ह्यामागे वितरकांचा हिशेब होता. तिकिटाच्या पैशात गाणी, मारामारी, प्रणय, विनोद व भय हे सर्व मिळाले पाहिजे, अशी अपेक्षा असल्याने भयपटही खाणावळीच्या ताटासारखा वाढला जाई. भयाला लागणारी एकाग्रता त्यात टिकत नाही. मात्र तमाशातील वग किंवा कोकणातील दशावतारी खेळ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना राक्षसाच्या प्रवेशानंतर संकासुराची थट्टामस्करी येण्यात काही वावगे वाटत नाही. युरोपीय मापाने जो रसभंग ठरतो, तो येथील प्रेक्षकाच्या अंगवळणी पडलेला होता.

इतिहास व भूगोल ह्यांच्या बाबतीत चित्रपटाचा बेफिकीरपणा अतुलनीय आहे. पूर्वजांची हवेली विजापुरात असल्याचे सांगितले जाते आणि तेथे दोनशे वर्षांपूर्वी हरिमानसिंग हा राजा राज्य करीत होता, असे दाखविले आहे. वस्तुतः विजापूरची आदिलशाही १६८६ मध्ये औरंगजेबाने बुडविली आणि १७६० पासून तो प्रदेश पेशव्यांच्या अमलाखाली होता; उत्तर हिंदुस्थानी थाटाच्या ठाकुरांना तेथे जागा नव्हती. योगायोग असा, की ज्या मुरूडच्या राजवाड्याला चित्रपटाने विजापुरी वंशाशी जोडले, त्याच्या मालकांचे पूर्वज खरोखरच एके काळी विजापूर दरबारचे अंकित होते. जंजिऱ्याचे सिद्दी हे मूळचे आफ्रिकेतून आलेले. आधी अहमदनगरच्या निजामशाहीचे, १६३६ नंतर विजापूरच्या आदिलशाहीचे आणि सु. १६७० पासून मोगलांचे आरमारी सरदार म्हणून त्यांनी ह्या किनाऱ्यावर हुकमत गाजविली. राजपुरीच्या खाडीच्या मुखाशी असलेला त्यांचा जलदुर्ग शिवाजी महाराजांस व संभाजी महाराजांस जिंकता आला नाही. त्याच्या शहास काटशह म्हणून शिवाजी महाराजांनी जवळच्या खडकावर पद्मदुर्ग बांधला. हे संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन होऊन कुलाबा जिल्ह्यात समाविष्ट झाले. त्या जिल्ह्याचे रायगड असे नामांतर १९८१ साली झाले, म्हणजे चित्रपटाच्या अवघी तीन वर्षे आधी.

राजवाडा नबाब सिद्दी अहमदखान (कार. १८७९–१९२२) यांच्या काळातला. अलिबागकडून काशीदमार्गे मुरूडमध्ये शिरताना, गावाच्या वेशीजवळ, समुद्राकडे तोंड केलेल्या चढावर तो दिसतो. मोगल धर्तीचे घुमट व मनोरे आणि विलायती गॉथिक वळणाच्या टोकदार कमानी ह्यांचा त्यात संकर आहे. संस्थानी काळातल्या अनेक वाड्यांप्रमाणे तो पूर्वेकडचाही आहे आणि पश्चिमेकडचाही. ही दुहेरी घडणच भयपटाच्या कामी आली. इंग्लंडमधील हॅमर ह्या चित्रसंस्थेने ड्रॅक्युला (१९५८) व त्यानंतरच्या पटांत किल्ले, तळघरे, धुके व भडक रंग ह्यांचा जो साज रूढ केला, तो रामसे यांना हवा होता. मुंबईत त्याचे नेपथ्य उभारणे महाग पडले असते. मुरूडला ते दगडाचुन्यात तयार होते आणि मुंबईपासून दिवसभराच्या प्रवासाच्या टप्प्यात होते. खाऱ्या वाऱ्याने व पावसाने काळवंडलेली भिंत रंगवावी लागत नाही. चित्रपटातील जे काही खरोखर परिणामकारक आहे, त्यात ह्या वास्तूचा वाटा मोठा आहे : नट कसेही वावरले, तरी त्यांच्यामागची कमान खोटी वाटत नाही.

चित्रपटाच्या दुसऱ्या बलस्थानाचे श्रेय रंगयोजनेस द्यावे लागते. गंगू रामसे यांनी वास्तव प्रकाशाचा आग्रह धरलाच नाही. एका दारातून निळा, दुसऱ्यातून तांबडा, पायऱ्यांखालून हिरवा असा प्रकाश ते सोडतात. तो कोठून येतो, असे विचारावयाचे नसते. इटालियन दिग्दर्शक मारिओ बाव्हा यांच्या भयपटांत अशीच रंगांची उधळण आढळते. पात्रे तोंड उघडीपर्यंत अशी दृश्ये स्वप्नवत व भारून टाकणारी असतात. करकरणारे दार, विजेचा लोळ, वाऱ्याने विझणारी मेणबत्ती ही सामग्री शिळी खरी. परंतु ती इतक्या निष्ठेने व इतक्या वेळा वापरली जाते, की तिला कीर्तनातील ठरावीक पूर्वरंगाचे स्वरूप येते. प्रेक्षकास पुढे काय होणार हे ठाऊक असते आणि ते झाल्याचे समाधान असते.

सामरीचे यश मात्र अजय अगरवाल यांचे. रुडकी येथे स्थापत्य अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेला हा उंचापुरा, लांबट व ठसठशीत चेहऱ्याचा गृहस्थ मुंबईत नोकरी सोडून अभिनयाकडे वळला. पोष ग्रंथीच्या विकाराने आपल्या चेहऱ्याची व शरीराची ठेवण बदलली, असे त्यांनी मुलाखतींतून सांगितले आहे. अन्य निर्मात्यांना ह्या चेहऱ्याचे काय करावे हे सुचले नाही. रामसे यांना तत्काळ सुचले. रंगभूषेचे काम अर्धे निसर्गानेच केले होते, असे ह्याबाबत गमतीने म्हटले जाते. त्या गमतीत क्रौर्य आहे. ज्या आजाराने माणसास सोसावे लागले, त्याचीच भीती विकून चित्रपट चालला. तरीही पडद्यावर जे दिसते ते केवळ विद्रूप शरीर नव्हे. अगरवाल सावकाश चालतात, मान अर्धवट वळवून थांबतात, डोळे रोखून धरतात आणि जवळजवळ न बोलता भोवतालच्या बोलभांड नटांना झाकून टाकतात. ‘सैतान’ म्हणून ओळखले गेलेले हे नट पुढे सामरी (१९८५) व बंद दरवाजा (१९९०) ह्या रामसे भयपटांत राक्षस म्हणूनच आले. शेखर कपूर यांच्या बँडिट क्वीन (१९९४) ह्या चित्रपटात बाबू गुज्जरची भूमिका त्यांना मिळाली, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यातील भय मुखवट्यावाचून काय करू शकते, हे दिसून आले.

अन्य नटांविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. शोभना समर्थ यांचे नातू व नूतन यांचे पुत्र मोहनीश बहल येथे अगदी नवखे आहेत. अर्धसत्य (१९८३) मधील खलनायकामुळे नुकतेच गाजलेले सदाशिव अमरापूरकर यांच्या वाट्यास त्यांच्या योग्यतेचे काही आलेले नाही. अनारकली व नागिन ह्या १९५३–५४ मधील चित्रपटांचे देखणे नायक प्रदीपकुमार यांना ह्या हवेलीत चिंताक्रांत पित्याच्या रूपात वावरताना पाहून जुन्या प्रेक्षकांस वेगळीच हुरहुर वाटते.

मराठी वाचकास सामरीच्या कुळाविषयी प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. कोकणच्या लोकसमजुतींत भुतांची काटेकोर विभागणी आढळते : मुंज झाल्यावर सोडमुंज होण्यापूर्वी मेलेल्याचा मुंजा, पाण्याच्या ठिकाणी वाट चुकविणारा गिऱ्हा, गावाच्या सीमेवरचा वेताळ आणि बाळंतपणात मेलेल्या स्त्रीची अळवंतीण. ह्या प्रत्येकाचे स्थळ, स्वभाव व उपाय ठरलेले असून त्यामागे कोणत्या तरी अपूर्ण राहिलेल्या आयुष्याची हळहळ असते. सामरी ह्यांपैकी कोणाचाच नातलग नाही. तो ड्रॅक्युलाच्या वंशातील. क्रूसाच्या जागी त्रिशूळ ठेवून त्याचे देशीकरण केले आहे, इतकेच. तथापि शापाच्या कल्पनेत पटकथाकारांनी, बहुधा अजाणता, खऱ्या भयाला हात घातला. बाळंतपणात स्त्री दगावणे ही १९८४ साली खेड्यापाड्यांत ऐकीव गोष्ट नव्हती. पावसाळ्यात खाड्या व ओढे ओलांडून दवाखाना गाठावा लागे, अशा किनारपट्टीच्या गावांत तर ते प्रत्येक घराचे भय होते. म्हणून मुलीच्या लग्नास नकार देणाऱ्या ठाकुराचा प्रसंग, तो कितीही नाटकी असला, तरी पोकळ वाटत नाही. राक्षस कागदी असला, तरी त्याचा शाप कागदी नाही.

पण चित्रपट ह्या भयाशी प्रामाणिक राहत नाही. ज्या स्त्रिया शापाने मेल्या, त्यांना तो क्षणात विसरतो. लोकसमजुतीने त्यांना निदान अळवंतीण होऊन परत येण्याचा हक्क दिला होता, पटकथा तोही देत नाही. उरलेल्या स्त्रियांकडे कॅमेरा ज्या दृष्टीने पाहतो, ती सामरीच्या दृष्टीहून फारशी वेगळी नाही. स्नानदृश्ये, अंगास चिकटलेली ओली वस्त्रे, पळताना अडखळणारी नायिका ही सर्व सामग्री प्रौढांच्या प्रमाणपत्राच्या आधाराने तिकीटविक्रीसाठी योजिलेली आहे. ह्या चित्रपटांविषयी आज जे कौतुकाने लिहिले जाते, त्यात ही बाजू पुष्कळदा हसण्यावारी नेली जाते. खोट्या दातांना हसणे वेगळे आणि ह्याला हसणे वेगळे.

प्रेक्षकवर्गाचा विचार केल्यास चित्रपटाच्या यशाचे नवल वाटत नाही. रंगीत दूरचित्रवाणी (१९८२) व व्हिडिओ कॅसेट ह्यांमुळे शहरांतील मध्यमवर्गीय कुटुंबे त्या सुमारास चित्रपटगृहांकडे पाठ फिरवू लागली होती. उरलेला प्रेक्षक मुख्यतः तरुण, कष्टकरी व लहान गावांतला होता. बड्या नटांचे चित्रपट त्याच्यापर्यंत उशिरा पोहोचत. रामसे यांचे चित्रपट त्याच्याचसाठी काढलेले असत. अंधारात शेकडो अनोळखी माणसांनी एकदम ओरडावे आणि मग आपल्याच ओरडण्याला हसावे, हा अनुभव घरच्या लहान पडद्यावर मिळणारा नव्हता. वेताळ व सामरी ह्यांतला फरक त्या प्रेक्षकास कळत नव्हता, असे मानण्याचे कारण नाही. त्याला तो फरक चालत होता.

पुराना मंदिरच्या यशानंतर अनेक निर्मात्यांनी आणखी स्वस्तात त्याचे अनुकरण केले आणि हा प्रकार लवकरच थकला. तुलसी व श्याम यांनी १९९३ पासून झी हॉरर शो ह्या मालिकेद्वारे तो दूरचित्रवाणीवर नेला. परदेशात डीव्हीडीच्या रूपाने पुनःप्रकाशन झाल्यावर एकविसाव्या शतकात ह्या पटांना नवे चाहते लाभले. १९८४ साली ज्यांची थट्टा झाली त्या रंगांची व धुक्याची तारीफ होऊ लागली. तुलसी रामसे २०१८ मध्ये, श्याम २०१९ मध्ये व गंगू २०२४ मध्ये निवर्तले.

मुरूडचा राजवाडा खाजगी मालकीचा असून तो पर्यटकांसाठी खुला नाही. जंजिरा पाहून परतणारे प्रवासी रस्त्यावरून त्याची छायाचित्रे घेतात आणि सिद्दी अहमदखानाचे नाव ठाऊक नसणारे कित्येक जण त्यास ‘चित्रपटातली भुताची हवेली’ म्हणून ओळखतात. [→ चित्रपट; जंजिरा; भूतपिशाच; सिद्दी].